माझ्या तोंडावर बर्फ कोणी लोटला?

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे आणि मी रागावलेलो आहे. माझे खरे नाव पॉवर व्हेंटर. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार वरच्या टोकाला, सेंट जॉन नदीकाठच्या एका शेतघराच्या भिंतीत मी कित्येक हिवाळे राबलो. आता कोठारात बटाट्याच्या रिकाम्या पिंपांमागे धूळ खात पडलो आहे. गावात माझ्याबद्दल काय बोलतात ते मला ठाऊक आहे. माझी बाजू मांडायला दुसरे कोणी पुढे येत नाही, म्हणून मीच तोंड उघडतो.

ते घर लेओनिद सीर आणि त्याची बायको ओझित या म्हाताऱ्या जोडप्याचे. त्यांची जुनी चिमणी तडकली, तेव्हा ती पाडून टाकली. पण तळघरात गॅसवर चालणारा बॉयलर होता. तो पाणी तापवी आणि ते पाणी नळ्यांमधून फिरून घर ऊबदार ठेवी. त्याच्या आगीतून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग, ना वास. चिमणी नसेल तर तो वायू जाणार कुठे? म्हणून मला आणले. बॉयलरचा श्वास नळीतून ओढायचा आणि भिंतीबाहेर फेकायचा, हे माझे काम.

मला बसवले ओझितच्या भाच्याने, फेर्नांदने. भिंतीला भोक पाडण्याआधीच लेओनिदने नाक खुपसले.

"खाली लाव रे, गुडघ्याएवढ्या उंचीवर. वर लावून काय शोभा करायचीय?"

"काका, खाली लावला तर पहिल्याच बर्फात गाडला जाईल. छातीएवढा वर घेतो, आणि खिडकीपासून लांब."

मग फेर्नांदने सगळी दारे-खिडक्या लावून घेतली. "मावशी, चुलीवरचा पंखा लाव. तो घरातली हवा ओढत असतानाही हा नवा टिकतो का ते बघू."

"केव्हाचा लावलाय. प्लोय भाजतेय मी, दिसत नाही?" ओझित तव्यावरचे धिरडे काढत म्हणाली.

फेर्नांद तळघरात उतरला. बॉयलरची नळी जिथे सुरू होते, तिथल्या फटीशी त्याने पेटती काडी धरली. ज्योत त्याच्याकडे झुकली. म्हणजे वायू घरातच येत होता. त्याने माझ्या नळीतली झडप थोडी उघडली आणि पुन्हा काडी धरली. या वेळी ज्योत आत ओढली गेली, तेव्हा त्याने झडपेचा स्क्रू आवळला. शेवटी बाहेर जाऊन माझ्या तोंडावर पुठ्ठा दाबून धरला, तर बॉयलरची आग लगेच विझली.

"हा बघा याचा पहारेकरी," माझ्या अंगावरचे छोटे बटण दाखवत तो म्हणाला. "बाहेरची वाट बंद झाली की हा आग पेटूच देत नाही. याला हात लावायचा नाही. काका, ऐकलंत?"

"ऐकलं की. बहिरा आहे का मी?"

सुरुवातीची वर्षे फार सुखाची होती. मी घरघरू लागलो की ओझित म्हणायची, "उठला आपला पहाटपाहुणा." मला ते फार आवडायचे.

पण त्या भागात एक जुनी रीत आहे. थंडी आली की घराच्या पायथ्याशी फर झाडाच्या फांद्या रचायच्या आणि त्यावर बर्फ थापायचा. घराला पांघरूण घालणे म्हणतात त्याला. लेओनिदला या पांघरुणाचा भारी अभिमान. त्याच्या बापाने केले, आजोबाने केले. एका वर्षी थंडी कडक पडली आणि म्हाताऱ्याला चेव चढला. पूर्वेकडून वारा येतो म्हणून त्याने त्या भिंतीवर बर्फ चढवत चढवत माझ्या तोंडावर आणून लोटला. वर फावड्याने थापटून गुळगुळीतही केला.

मी गुदमरलो. पहारेकऱ्याने आपले काम केले आणि बॉयलर बंद ठेवला. घर गारठले. बाहेर जाऊन बघावे की नाही? पण लेओनिद तळघरात उतरला आणि त्याने माझ्या डब्यावर पाना आपटला.

"रुसला बघ शहरी डबा. चिमणी कधी रुसली नव्हती."

"फेर्नांदला बोलाव ना, म्हाताऱ्या," ओझित वरून म्हणाली.

"त्याला काय विचारायचं? दोन तारा तर आहेत."

त्याने पहारेकऱ्याच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून टाकल्या. आग पेटली. वायू साचला की वाजणारा एक गजर घरात होता, तो वाजायला हवा होता, पण त्यातली बॅटरी या शहाण्याने आधीच आपल्या रेडिओत घातली होती. स्वारी खुशीत तिथेच बटाटे निवडायला बसली. मी जिवाच्या आकांताने फिरत होतो, मित्रांनो, पण वायूला बाहेर वाटच नव्हती.

स्वयंपाकघरात ओझितचे डोके ठणकू लागले. तिला वाटले, कालच्या घेवड्याने पित्त केले. ती अंगणात गेली तशी बरे वाटले. आत आली, पुन्हा ठणका. मग तिला माझा आवाज ऐकू आला, कोंडलेला आणि घशातला. ती तळघराच्या दाराशी गेली.

"लेओनिद? अरे, ओ तरी दे."

उत्तर आले नाही. जिन्याच्या तोंडाशी असलेले बॉयलरचे लाल बटण तिने बंद केले, गावच्या अग्निशामक दलाला फोन केला आणि सगळी दारे उघडून त्या थंडीत ती नवऱ्याच्या नावाने हाका मारत उभी राहिली. दलाच्या माणसांनी स्वतःच्या तोंडाला हवेच्या नळ्या लावून त्याला वर काढले. तो वाचला. पण अजूनही नातवंडांची नावे त्याला चटकन आठवत नाहीत.

माझी मोटार त्या दिवशी जळली. फेर्नांदने दुसरा पंखा बसवला आणि मला इथे टाकले. आता पाहुणे आले की लेओनिद त्यांना कोठारात आणतो आणि बुटाने मला ढोसतो. "हाच तो. यानंच माझा जीव घेतला असता." पाहुणे माना डोलावतात. परवा मात्र ओझित मागे उभी होती.

"तो थांबला होता, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "तू त्याला थांबू दिलं नाहीस."

लेओनिद पाहुण्यांना पिंपे दाखवू लागला.

मित्रांनो, तुमच्या घरातले एखादे यंत्र अचानक थांबले तर त्याला शिव्या देऊ नका, त्याच्या तारा जोडू नका. ते का थांबले ते आधी बघा, जाणत्या माणसाला बोलवा. मला कौतुक नको, रंगरंगोटीही नको. "तू माझ्यासाठी थांबला होतास," एवढे एकदा लेओनिदने म्हणावे आणि मग मला खुशाल भंगारात घालावे. पण त्याने ते लवकर म्हणावे, कारण त्याला अलीकडे माझेही नाव आठवेनासे झाले आहे.