भिंतीपलीकडचं वाक्य

उपसंपादकाचा फोन आला तो कौतुक करायला. "सर, उद्याची भिंगरी! पोट धरधरून हसलो आम्ही. तो फ्रिज!"

"कुठला फ्रिज?" व्यंगचित्रकाराने विचारलं, आणि विचारता विचारताच त्याला आठवलं. पायाखालची जमीन सरकली.

पेपरातल्या भिंगरीच्या चित्रपट्ट्या तो तीन आठवडे आधीच काढून देत असे. रोज चार चौकटी भरायच्या म्हटल्यावर दुसरा इलाज नसतो. तीन आठवड्यांपूर्वी त्याची मुलगी सासरहून बॅग घेऊन तडक माहेरी आली होती. पलीकडच्या खोलीत ती आईला म्हणाली, "त्या घरात फ्रिज दहादा उघडून बघतात, आत काय आहे ते. माझ्या आत काय चाललंय, ते कुणी एकदा तरी बघितलं का?" भिंत पातळ आणि ह्याचे कान तिखट. पेन्सिल हातात होतीच. भिंगरीच्या तोंडी ते वाक्य इतकं फिट्ट बसलं की त्याने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. माणूस गुणी, पण या बाबतीत निव्वळ चोर.

भिंगरी म्हणजे त्याची ही मुलगीच, हे सगळ्या वाचकांना ठाऊक होतं. बोबडं बोलणारी भिंगरी, शाळेतली भिंगरी, नवी नवरी भिंगरी. लग्न ठरलं तेव्हा मुलीने बजावलं होतं, "बाबा, माझं सासर पेपरात आणायचं नाही." ह्याने वचन दिलं होतं. पण ती बॅग घेऊन आली तेव्हा, आता कसलं सासर, असं म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली.

आणि काल अचानक जुळलं. जावयाने फोन केला, दोघं तासभर बोलली, हसली. उद्या सकाळी जावई आणि विहीणबाई तिला न्यायला येणार होते. त्या आनंदात पट्ट्या ह्याच्या डोक्यातून साफ गेल्या. आणि विहीणबाई तर सकाळच्या चहाबरोबर भिंगरी मोठ्याने वाचून दाखवायच्या, कुणाला ऐकायची असो वा नसो. फ्रिजही त्यांचाच, नवाकोरा, लाडका. त्या वाचतील, थांबतील, पुन्हा वाचतील. मग न्यायला कोण येतंय!

"ती पट्टी काढा," तो म्हणाला. "पुढची टाका."

"पुढच्या सगळ्या पट्ट्यांत तीच गोष्ट आहे, सर. भिंगरी रुसून माहेरी येते. सगळ्यांतच."

खरंच होतं. त्या दिवसांत घरात दुसरं काही घडतच नव्हतं.

"सहाला पान छपाईला सोडायचंय," उपसंपादक म्हणाला. "आणि जुनी आपण छापत नाही."

जुनी पट्टी पुन्हा छापायची नाही ही अट ह्याचीच, आणि दर मुलाखतीत ती मिरवायची हौसही ह्याचीच. त्याने शाईची बाटली खिशात कोंबली आणि रिक्षा पकडली.

ऑफिसात कोपऱ्यातलं टेबल मिळालं. त्याने चार चौकटी आखल्या. भिंगरी काढली, तिचे उभे राहिलेले केस काढले. आता ती काय बोलणार? एक सुचलं, ते बायकोचं होतं. दुसरं बहिणीचं. तिसरं, हसायला येणारं, ते केस कापणाऱ्याचं, आणि तेही एकदा वापरून झालेलं. आयुष्यभर लोकांनी त्याला विनोदाचा राजा म्हटलं, आणि त्याच्या पदरचा एक विनोद म्हणून सापडेना. समोर भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. उपसंपादक दोनदा येऊन खाकरून गेला.

शेवटी त्याने मुलीलाच फोन लावला.

"कुठे आहात बाबा? आई मघापासून विचारतेय."

त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. फ्रिज, पुढच्या पट्ट्या, सगळं.

"सासूबाई वाचणार हे?" तिचा आवाज एवढासा झाला.

"नाही. ती काढलीय. पण जागा भरायला काहीच सुचत नाहीये गं. तुझ्या लहानपणचं एखादं घेऊ? तू हो म्हणालीस तरच." इतक्या वर्षांत त्याने तिची परवानगी पहिल्यांदाच मागितली होती, आणि त्याची त्याला लाज वाटली.

तिने उलट विचारलं.

"भिंतीतून किती ऐकू आलं तुम्हाला?"

"सगळंच."

"आई झोपल्यावर मी रडत होते, ते?"

नाही म्हणणं सोपं होतं. "हो," तो म्हणाला.

"मग बाबा, तुम्ही दार का नाही वाजवलं?"

उत्तर त्याला नीट ठाऊक होतं. ती रडत होती तेव्हा त्याची चौथी चौकट रंगात आली होती.

"सर, झालं का? मी आता थांबू शकत नाही," उपसंपादक दारातून म्हणाला.

"जुनी टाका."

"जुनी? कुठली?"

"कुठलीही टाका हो!"

बाटलीचं झाकणही न लावता तो उठला आणि फोन कानाला धरूनच जिना उतरू लागला. पलीकडे मुलीने फोन ठेवला नव्हता. ती उत्तराची वाट बघत होती.