गाठ राहिलेली खुर्ची

मित्रांनो, ती पसरट पानांची कुंडी जरा बाजूला केलीत, तर तिच्याखाली तुम्हाला मी सापडेन. मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात, तळमजल्यावरच्या एका खोलीच्या व्हरांड्यात मी राहते. माझी गोष्ट फार मोठी नाही, आणि ती मला नीट सांगता येईल याची खात्रीही नाही. खुर्चीला ऐकायची सवय असते, बोलायची नसते. तरीपण सांगते, कारण त्या एका आठवड्यापासून काहीतरी मला आतून टोचत राहिलं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड वेत वाफेवर तापवून, वाकवून माझे हातपाय केले. बैठकीच्या चौकटीला बारीक भोकं पाडली, आणि सोललेल्या वेताच्या ओल्या पट्ट्या त्यांतून उभ्या, आडव्या, तिरप्या ओवून जाळी विणली. विणणाऱ्या बाईंच्या तोंडाला क्षणभर उसंत नसे. त्यांच्या नणंदेच्या सगळ्या कागाळ्या माझ्या जाळीत विणल्या गेल्या आहेत. कदाचित म्हणूनच मला माणसांची भांडणं चटकन कळतात.

हॉटेल नवं होतं तेव्हा माझी केवढी ऐट होती! पाहुणे खोलीत शिरले की आधी व्हरांड्यात यायचे, माझ्यावर बसायचे, समुद्राकडे पाहून मोठा श्वास घ्यायचे. नवी जोडपी माझ्यावर बसून फोटो काढायची. एका आजारी बाईंनी तर जाताना माझ्या हातावरून हात फिरवला होता. पुढे प्लास्टिकच्या पांढऱ्या खुर्च्या आल्या. त्या हलक्या, धुतल्या की स्वच्छ होणाऱ्या. मी कोपऱ्यात गेले. मग एक दिवस एक कामगार माझ्यावर उभा राहून पंखा पुसत होता, आणि त्याचा पाय जाळीतून आरपार गेला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कुणी नाही असं बघून त्या भोकावर ही कुंडी ठेवली आणि निघून गेला. कुणाला काही सांगितलं नाही. मित्रांनो, कुंडी गप्पा मारत नाही, श्वास सोडत नाही, आणि तिला पाणी घातलं की ते माझ्या अंगावर गळतं. अशी कित्येक वर्षं गेली.

आणि मग एका दुपारी ते आजी-आजोबा आले.

या हॉटेलात एकदा पैसे भरून माणूस आलं की खाणं, पिणं, पोहणं, होडीतून फिरणं, सगळं त्यातच येतं. पाहुण्यांच्या मनगटाला एक केशरी पट्टी बांधतात. ती दाखवली की झालं. आजींना पट्टीचं फार कौतुक. आजोबा मात्र ती सारखी खाजवत होते.

"अहो, किती वेळा हात लावाल तिला?" आजी म्हणाल्या. "पोराने एवढ्या हौसेने आठवडाभर पाठवलंय. जरा मजा करा."

"करतोय की. पण इथे पट्टी बघून जेवायला वाढतात, तोंड बघून नाही. वाढणाऱ्याला मी खाल्लं की नाही, काही पत्ता नाही."

"तुम्ही तीनदा खीर घेतलीत. सगळ्यांना पत्ता आहे."

आजोबा हसले, व्हरांड्यात आले, आणि समुद्राकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कुंडी उचलून खाली ठेवली, गुडघ्यावर बसले आणि माझ्या फाटक्या जाळीत बोटं घातली. त्या बोटांना कातड्यासारखे घट्टे होते. मी लगेच ओळखलं. मला घडवणाऱ्यांच्या जातीची बोटं होती ती.

आजोबांचं खुर्च्या विणायचं दुकान होतं. घराखालच्या गल्लीत, एका माणसाला धड आडवंही होता येणार नाही एवढं. पण त्याच्याविषयी बोलताना ते असे बोलत, जणू आत एक गाव वसलेलं आहे. हॉटेलची बाग सांभाळणाऱ्या माळीदादांनी कोठारातून वेताच्या पट्ट्यांची एक विसरलेली जुडी शोधून आणली. आजोबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि सरळ खोलीतल्या पांढऱ्याशुभ्र टबात बुडवली.

"अहो! मी अंघोळ कुठे करू?"

"एवढा समुद्र आहे की समोर. आणि टब काय सुंदर आहे गं! असा दुकानात असता तर..."

आजी एरवी लगेच उलट बोलायच्या. तेव्हा मात्र दुकानाचं नाव निघताच त्या आत निघून गेल्या. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग सुखाचे दिवस आले. बाहेर तलावाकाठी गाणी वाजत, लोक पाण्यात चेंडू खेळत, आणि आजोबा सावलीत बसून मला विणत. जुनी जाळी त्यांनी कापून काढली, भोकं साफ केली, ओली पट्टी ओवली, ती सुटू नये म्हणून भोकात लाकडाची खुंटी ठोकली. त्यांचा हात थरथरत असे. पण पट्टी हातात आली की थरथर थांबायची. काम करताना ते माळीदादांशी बोलत. एकदा म्हणाले, "आमच्या दुकानात एक रीत आहे. सगळं विणून झालं, काठाची पट्टी बसवली, की शेवटची गाठ मी मारत नाही. ज्याची खुर्ची त्याला बोलावतो, बसवतो, विचारतो, कुठे टोचतं? टोचत असेल तर उसवायचं, पुन्हा विणायचं. नाही म्हणाला, की मगच गाठ."

"मग ही कुणाची?" माळीदादांनी विचारलं. "हॉटेलची ना?"

"हॉटेल कुठे बसतं? बसतं माणूस. हिच्यावर आमची ही बसेल."

मित्रांनो, तेवढं ऐकून मला इतका आनंद झाला, की ओली असूनही मी ताठ झाले.

दुसऱ्या दिवशी आजोबा खुंट्या तासून आणायला माळीदादांकडे गेले होते. आजींचा फोन वाजला. त्या व्हरांड्यात आल्या, मागे वळून पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात टेकवून हळू आवाजात बोलू लागल्या. पलीकडे त्यांचा मुलगा होता.

"बोल रे पटकन, ते नाहीयेत. टेम्पो आला का? ... सगळं? ... खुर्च्यांच्या चौकटी ज्यांना द्यायच्यात त्यांना दे. पण त्यांचं बसायचं स्टूल टाकू नकोस हं, घरी आण. आणि घरमालकाला दुकानाची किल्ली आजच देऊन टाक. हे परत यायच्या आत सगळं व्हायला हवं. समोर असले की ते होऊ देणार नाहीत." थोडा वेळ त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला का विचारतोस बरोबर आहे का म्हणून? ठरलंय ना आपलं."

त्यांच्या हाताला घाम आला होता. तो माझ्या पाठीवर उमटला.

मला सगळं कळलं. ही सहल म्हणजे बक्षीस नव्हतं. आजोबांना दुकानापासून दूर नेऊन ठेवलं होतं. आणि ज्यांच्यासाठी मला विणलं जात होतं, त्याच आजींना ते माहीत होतं. मला आजी आवडायच्या हो. म्हणून तर फार लागलं.

आजोबा परत आले, तशी मी माझ्याकडून जे होतं ते केलं. मी कुरकुरले. त्यांनी हात ठेवला की कुरकुरले, खुंटी ठोकली की कुरकुरले. त्यांनी कान लावून ऐकलं. मला वाटलं, कळलं यांना! पण ते म्हणाले, "सांधा सैल झालाय बिचारीचा," आणि एक पाचर मारून त्यांनी माझं तोंडच बंद केलं.

जाळी पुरी झाली. काठाची पट्टीही बसली. फक्त एक टोक लोंबत राहिलं. "ये गं, बस," आजोबांनी हाक मारली.

"उद्या बसते. केस ओले आहेत."

दुसऱ्या दिवशी त्यांना होडीतून फिरायला जायचं होतं. तिसऱ्या दिवशी पाठ दुखत होती. आजोबा वाट पाहत होते. "गिऱ्हाईक म्हणून तू फार वाईट आहेस," ते थट्टेने म्हणाले. आजी हसल्या नाहीत.

निघायच्या आदल्या दुपारी आजोबांना हुक्की आली. शेजारच्या इस्त्रीवाल्याला सांगून दुकानात थोडा वेत भिजवून ठेवायचा, म्हणजे पोचल्यावर लगेच कामाला लागता येईल. "राहू द्या ना, काय घाई आहे," आजी म्हणत होत्या, तोवर त्यांनी फोन लावलाही. हात ओले, म्हणून फोन माझ्या बैठकीवर ठेवून आवाज मोठा केला. म्हणजे ती बातमी अक्षरशः माझ्या मांडीवरून आली.

"काका? कसे आहात? समुद्र कसा आहे?"

"समुद्र आहे तिथेच आहे. ऐक, माझ्या दुकानाची दुसरी किल्ली तुझ्याकडे आहे ना?"

पलीकडे इस्त्रीवाला जरा घुटमळला. "काका, दुकान तर... आत रंगारी आहेत. तुमच्या मुलाने टेम्पो भरून सामान नेलं ना. मला म्हणाला, बाबांनीच सांगितलंय."

आजोबांनी ओल्या बोटाने फोन बंद केला. मग ते आजींकडे वळले.

"तुला माहीत होतं?"

आजींनी मान खाली घातली. "दोनदा पडलात तुम्ही तिथे. दुसऱ्यांदा त्या इस्त्रीवाल्याने उचलून आणलं. जिन्यात पाय वाजले, की आता काय झालं म्हणून माझा जीव वरखाली. रोज. तुम्ही ऐकलं असतंत का?"

"नाही ऐकलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं."

"भांडलो असतो. आठ दिवस बोललो नसतो. शेवटी कदाचित सोडलंही असतं, कुणी सांगावं. पण ते मी सोडलं असतं." ते उठले. "पोराचं सोड, त्याला आमचं काम कधी कळलं नाही. पण तू? तुझ्यासमोर मी जन्मभर लोकांना बसवून विचारत आलो. आणि मला न बसवताच गाठ मारलीस."

आजी "अहो, अहो" म्हणत राहिल्या. ते किनाऱ्याकडे चालते झाले. त्या दिवशी दोघांपैकी कुणीच पट्टी दाखवून जेवायला गेलं नाही.

सकाळी सामान दारात लागलं. गाडी यायला थोडा अवकाश होता. आजी व्हरांड्यात आल्या आणि माझ्यावर बसल्या. नव्या जाळीवर बसलेलं पहिलं माणूस! या क्षणासाठी मी कित्येक वर्षं कुंडीखाली काढली होती, आणि आता आनंद कसा करावा ते मला कळेना.

"मारा गाठ," आजी म्हणाल्या.

आजोबा आले. सवयीने गुडघ्यावर बसले, माझं लोंबतं टोक हातात घेतलं. सवयीनेच विचारलं, "कुठे टोचतं?"

आजींचे डोळे भरून आले. खोटं बोलता आलं असतं. पण त्या म्हणाल्या, "टोचतंय हो. फार टोचतंय."

आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते टोक अलगद सोडून दिलं. "मग नाही मारता येणार," ते म्हणाले. हात पुसले, आणि दोन्ही बॅगा स्वतः उचलल्या. आजी मागोमाग निघाल्या. एरवी त्या पुढे चालत.

ते दोघं गेले, मित्रांनो, आणि मी इथे राहिले. आजोबांची बाजू मला पटते, अगदी पटते. आजींची भीतीही मी माझ्या पाठीवर झेलली आहे. पण एक गोष्ट मनातून जात नाही. गाठ नसेल तर काठाची पट्टी सुटते, आणि मग एकेक करून सगळी जाळी ढिली पडते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? तरी ते टोक सोडून गेले. त्या दोघांच्या दुखण्यात माझं काय व्हायचं, हे त्यांनीही मला विचारलं नाही.

दुपारी खोली साफ करणाऱ्या बाई आल्या. लोंबतं टोक वाईट दिसतं म्हणून त्यांनी ते कात्रीने कापून टाकलं. नंतर माळीदादा आले. थोडा वेळ उभे राहून त्यांनी नव्या जाळीवरून हात फिरवला. पण कुंडीला दुसरी जागा नव्हती.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. कुणाचं भलं करायचं मनात आलं, तर जरूर करा. पण आधी त्या माणसाला समोर बसवा. कुठे टोचतं ते विचारा, आणि उत्तर आवडलं नाही तरी ऐकून घ्या. गाठ मारायला नंतर भरपूर वेळ असतो. आणि एखाद्या व्हरांड्यात जुनी खुर्ची दिसली, तर तिच्यावर काही ठेवण्याआधी एकदा बसून बघा.

आता काठाची पट्टी उजव्या बाजूने उचलली गेली आहे. वर कुंडी आहे, त्यामुळे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.