रुपालीची गाडी

“रुपे, गेर खाली टाक! मोड आला ना!”

देवराव केबिनमागच्या सीटवरून ओरडले. स्टिअरिंगवरच्या रुपालीची नजर क्षणभर आरशात गेली आणि कडेचा सायकलवाला थोडक्यात वाचला.

देवरावांनी जन्मभर एसटी चालवली आणि घरही तसंच चालवलं. बायकोने लुगडं कोणत्या रंगाचं घ्यावं, पोरीने कोणत्या मैत्रिणीकडे जावं, सगळं तेच ठरवायचे. बायको गेली. पोरगी एसटीतच ड्रायव्हर झाली. तिला यवतमाळ–राळेगाव फेरी मिळाल्यापासून काहीतरी काम काढून ते तिच्याच गाडीत बसायचे.

कळंबला गाडी थांबली तशी रुपाली त्यांच्याजवळ आली.

“बाबा, काहून असं करून राह्यले? तुम्ही बोलले का माहं ध्यान रस्त्यावरून उडते. तो मानूस मेला असता आता.”

“मी तं तुह्या भल्यासाठीच...”

“मागं जाऊन बसा. नाई तं इथंच उतरा.”

कंडक्टर पूनमसिंग खिडकीबाहेर पाहत राहिला. उतरून घरी जावं, असं देवरावांना वाटलं. मग ते उठले आणि शेवटच्या सीटवर जाऊन बसले.

पुढे कापसाने भरलेला ट्रॅक्टर रस्ता अडवून चालला होता. देवरावांचा उजवा पाय आपोआप दाबला गेला. ‘काढ ना!’ ओठांवर आलं. रुपाली मागेच राहिली. बराच वेळ राहिली. समोरून काहीच येत नव्हतं. गाडी सहज निघाली असती. देवराव पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसले, पण बोलले नाहीत. शेवटी तिला वाटलं तेव्हा तिने ट्रॅक्टर मागे टाकला. तेव्हा कुठे देवरावांनी दांडा सोडला.

राळेगावच्या स्टँडवर रुपाली गाडी मागे घेऊ लागली. तिकडे पाठ करून देवराव कँटीनवर गेले.

“एक चहा दे. अन् पोरगी येऊन राह्यली, तिच्यासाठी...”

“काय देऊ? बोंडा का पोहे?”

देवरावांनी परातीकडे बोट नेलं आणि मग हात मागे घेतला.

“मले नाई मालूम,” ते म्हणाले. “आली का तिलेच इचार.”