वीणेचा खंड

वृषालीने जंगलाच्या नाक्यावरचा आडवा बांबू उचलला आणि देवचंद नाना गळ्यातल्या वीणेसकट वाकून पलीकडे गेले. मागच्यांच्या छातीसमोर तिने बांबू पुन्हा खाली आणला.

"मॅडम, देव काय तुमना सायबले इचारीसन बसेल शे का तठे?" गर्दीतून कोणीतरी टोमणा मारला. हशा पिकला.

हसणाऱ्यांत भाविक होते, तसे नुसते मोबाइलवालेही होते. या जंगलातल्या बिबट्याची चित्रफीत पावसाळ्यात फिरली आणि धुळ्या-जळगावच्या गाड्या थेट महादेवाच्या ओट्यापर्यंत घुसू लागल्या. म्हणून यंदा सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी फक्त वीणेला आत जायची परवानगी होती. सोबत वनरक्षक वृषाली.

सप्ताह बसला की वीणा खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, तार वाजत राहते. शेवटच्या सकाळी ती महादेवाला भेटवून काल्याच्या कीर्तनाला परत आणायची. हा मान नानांचा.

साग मागे पडला. अंजन, सालई, मोह, धावडा यांची जुनी गर्द दाटी सुरू झाली. नानांची तर्जनी तारेवर, ओठांत नाम. महादेवाला भेटून दोघे परत फिरले. नाल्याच्या वळणावर वृषालीने त्यांचा सदरा धरून त्यांना अंजनाच्या खोडाआड ओढले.

बिबट्याची मादी वाटेवर आली होती. तोंडात मानेला धरलेले पिल्लू लोंबत होते. तारेचा आवाज कानावर पडताच ती थबकली. पिल्लू धुळीत ठेवले आणि घाणेरीच्या झुडपात नाहीशी झाली.

पिल्लू बारीक आवाजात ओरडू लागले.

"जागा बदलतेय ती," वृषाली कुजबुजली. "नाना, तार थांबवा."

"सात दिन व्हयनात, माय. येक घडी बी नही थांबनी."

"आवाज चालू असेपर्यंत ती येणार नाही. हललो तर आपण दिसू. पुन्हा बिचकली तर पिल्लू तिथंच मरेल."

नाना पिल्लाकडे पाहत राहिले. पिल्लू उठायला गेले आणि तोंडावर पडले. नानांनी डोळे मिटले आणि अख्खा तळवा तारेवर ठेवला.

जंगल एकदम मोठे झाले. नानांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. बऱ्याच वेळाने झुडूप हलले. मादी सरपटत आली, पिल्लू उचलले आणि नाल्याच्या कपारीकडे उतरली.

नानांचे बोट तारेवर परत आले, पण सूर लागायला वेळ लागला.

"कोणाजवळ बोलू नका, नाना. कळलं तर उद्या अख्खा तालुका इथं उभा राहील."

"बठ्ठा येतीन," नाना म्हणाले. सगळेच येतील, हे त्यांनाही दिसत होते.

मांडवात काल्याचे कीर्तन रंगात आले होते. योगराज महाराजांनी नानांना पुढे बोलावले, हातात हार घेतला.

"सात दिवस, माउली! वीणेला खंड नाही! या गळ्याला हार नाही घालायचा तर कोणाच्या घालायचा?"

टाळ्या झाल्या. नानांनी मान मागे घेतली.

"महाराज, खंड पडना."

मृदंग थांबला. महाराजांचा हार हातातच राहिला.

"कसा पडला, नाना?"

मांडवाच्या खांबाशी उभ्या वृषालीने एक पाऊल पुढे टाकले, तोंड उघडले. नानांनी तिच्याकडे एकदाच पाहिले. ती तिथेच थांबली.

"देवनी पायरीवर बसनू, महाराज. मना डोळा लागी गया. वीणा बंद पडनी."

"झेपत नही ते हौस कसाले करो?" बायकांतून भिकुबाईचा आवाज आला. कोणी तिला गप्प केले नाही.

महाराजांनी स्वतः वीणा उतरवली आणि शेजारी उभ्या टाळकरी शालिग्रामच्या गळ्यात घातली. हार खांबावरच्या खिळ्याला लटकला. तार वाजू लागली, मृदंगही. नाना सर्वांत मागे जाऊन बसले आणि टाळ्यांनी ताल धरू लागले.

काला वाटत फिरणारी माणसे त्यांना ओलांडून गेली. वृषालीने आपल्या द्रोणातला अर्धा काला त्यांच्या ओंजळीत घातला.

"पोचनी व्हई ना ती माय?" नानांनी हळूच विचारले.

"एक पिल्लू पोचलं, नाना. बिबट्याला बहुतेक दोन असतात. दुसऱ्यासाठी ती पुन्हा त्याच वाटेनं येईल."

मांडवाबाहेर गाड्या सुरू होऊ लागल्या होत्या. त्यांची तोंडे नाक्याकडे होती. वृषालीने द्रोण तसाच खाली ठेवला आणि हात न धुताच बांबूकडे धावत निघाली.