ताराफळ कुणी तोडलं

त्या खेळाच्या जाहिरातीत लिहिलंय की इथे कुणी हरत नाही, काही मरत नाही आणि कुणाला राग येत नाही. ज्याने हे लिहिलं त्याने एकदा माझ्या सासूबाईंच्या हातात टॅबलेट देऊन बघावा.

खेळ तसा साधा. कुठल्याशा लांबच्या ग्रहावर आपला एक काचेचा घुमट असतो. आत सोळा वाफे, एक विहीर आणि पाणी घालणारा गोलमटोल यंत्रमानव. बाहेर आकाशात दोन चंद्र. पेरायचं, पाणी घालायचं, पिकलं की काढायचं. मी पापनाशमच्या एका शाळेत नववी-दहावीला रसायनशास्त्र शिकवते. तंजावूरहून सकाळी सव्वासातची बस, परत येईपर्यंत पाच वाजतात. घरी आल्यावर कुकर लावायच्या आधी अर्धा तास मी त्या घुमटात जाऊन बसायचे. दिवसभरात तेवढी एकच जागा अशी होती, जिथे मला कुणी 'मिस' म्हणून हाक मारत नव्हतं आणि भाजी काय करू म्हणून विचारत नव्हतं.

मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यांना आम्ही सगळे अम्मा म्हणतो. तीन महिने घरात बसून राहायचं होतं आणि टीव्हीवरच्या मालिकांना त्या आठ दिवसांत विटल्या. एके दिवशी शाळेतून येऊन बघते तर टॅबलेट त्यांच्या मांडीवर, आणि माझे झेंडू उपटून तिथे भेंडी लावलेली. अम्मांना इंग्रजी वाचता येत नाही, पण चित्रं बघून सगळं बरोबर समजलं होतं. झेंडूने पोट भरतं का, असं त्यांनी मलाच विचारलं. खेळाचं नाव उच्चारता येईना म्हणून त्यांनी त्याला 'लावण्याचं तोट्टम' असं नाव दिलं. लावण्या म्हणजे मी, तोट्टम म्हणजे बाग. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातली गत.

एका टॅबलेटवर एकच बाग, असा त्या खेळाचा नियम. त्यामुळे दिवसा अम्मांचं राज्य आणि संध्याकाळी मी निस्तरायला. कच्चे भोपळे काढून ठेवलेले असत, कारण पिकून फुटले तर वाया जातील. यंत्रमानवाची त्यांना दया येई. दुपारच्या उन्हात बिचाऱ्याला राबवतेस, म्हणायच्या आणि त्याला विहिरीपाशी बसवून ठेवायच्या. मग अर्ध्या वाफ्यांना पाणीच नाही. त्या खेळात झाडं मरत नाहीत, पण मान टाकून बसतात, आणि चाळीस पोरांच्या वह्या तपासून आलेल्या बाईला ते बघवत नाही.

मधे मी टॅबलेटला पासवर्ड घातला. चार दिवसांत माझ्या नवऱ्याने, प्रवीणकुमारने, तो त्यांना काढून दिला. तिचा वेळ जात नाही गं, म्हणाला. माझा वेळ कसा जातो हे त्याने आठ वर्षांत विचारलेलं नाही.

सुटकेचा एक रस्ता होता. सोळाव्या वाफ्यात तारावेल लावता येतो. तो खेळातल्या दिवसांनी वाढत नाही, आपल्या खऱ्या चाळीस दिवसांनी वाढतो. त्याला एकच फळ धरतं, निळसर, आतून उजेड असलेलं. चाळिसाव्या दिवशी ते आपसूक गळून पडलं तर त्याच्या बीपासून दुसरा घुमट उघडतो. आधी तोडलं तर वेल जमिनीला टेकतो आणि पहिल्यापासून सुरुवात. त्या दुसऱ्या घुमटाला कुलूप लावता येतं, आकडा आपण ठरवायचा. मी ठरवूनच टाकलं होतं. पहिला घुमट, सोळाही वाफे, विहीर, यंत्रमानव, सगळं अम्मांना आंदण देऊन टाकायचं आणि आपण कुलूप लावून पलीकडे जायचं. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं तरी काय होतं त्यात? छत्तीस वर्षांच्या बाईला एक खोटी बाग हवी आहे, कारण खऱ्या घरात तिचं म्हणून एक कपाटही नाही, हे कुणाला सांगायचं?

अम्मांना मी तीनदा बजावलं की सोळाव्या वाफ्याला हात लावायचा नाही. तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली आणि 'सेरि' म्हणाल्या. तमिळमध्ये 'सेरि' म्हणजे बरं, ठीक आहे. अम्मांच्या तोंडून त्याचा अर्थ, बघते मी काय करायचं ते.

भीती होती ती वेगळीच. आमच्या घरात पहिलं काही टिकत नाही. शाळेच्या पहिल्या पगारातून मी स्वतःला एक जांभळी साडी घेतली होती, ती मी नेसायच्या आधी इस्त्रीवालीच्या मुलीच्या लग्नात गेली. गच्चीवरच्या कुंडीत लिंबाला तीन वर्षांनी पहिलं लिंबू धरलं, ते समोरच्या चिदंबर मास्तरांकडे. लोणच्याची पहिली बरणी, नव्या मिक्सरमधलं पहिलं वाटण, काहीही असो, अम्मा हसत उचलून देऊन येणार. पहिलं घरात ठेवू नये, अशी रीत आहे म्हणे. कुणाची रीत, म्हणून मी प्रवीणकुमारला विचारलं होतं. असेल काहीतरी, म्हणाला. माझ्या माहेरीही आम्ही तंजावूरचेच, मराठीच बोलतो, पण असली रीत मी कधी ऐकली नव्हती.

एकोणचाळिसाव्या दिवशी शाळेत पालकसभा होती. मुलाला रसायनशास्त्रात कमी गुण पडतात याला मीच जबाबदार आहे, असं मला सहा पालकांनी सांगितलं. बस उशिरा मिळाली, पूर्ण रस्ता उभ्याने आले. दारात चपला काढतानाच मी टॅबलेट हातात घेतला.

वेल जमिनीला टेकला होता. फळ नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक निरोप आला होता. खेळात शेजारच्या ग्रहांवरचे घुमट आणि त्यात राहणाऱ्या माणसांच्या बाहुल्या दिसतात; त्यांना भेट पाठवता येते, एक लहानसं रॉकेट उडतं. माझं ताराफळ सकाळी अकरा वाजता त्या रॉकेटमधून कुणा अनोळखी माणसाला गेलं होतं. त्याने आभार म्हणून एक लाल बदाम पाठवला होता.

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. प्रवीणकुमार सोफ्यावर मोबाइल बघत होता. त्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं, खेळच तो. परत लाव." मी त्याच्याकडे जेवढा वेळ बघत राहिले तेवढ्या वेळात एखादा शहाणा माणूस सॉरी म्हणाला असता. मग मी स्वयंपाकघरात गेले.

अम्मा खुर्चीवर बसून सांबारासाठी लहान कांदे सोलत होत्या. ऑपरेशनचा पाय पुढे, स्टुलावर.

"अम्मा, फळ तुम्ही दिलंत?"

"हो, मींच दिल्हें," त्या म्हणाल्या. "पहिलें नाहीं कां तें? पहिलें घरांत ठेवूं नये."

"ते माझं होतं."

"घरांत तुझं-माझं काय गं?"

मग मी बोलले. आठ वर्षांचं सगळं बोलले. साडी काढली, लिंबू काढलं, पासवर्ड काढला. चाळीस दिवस मी कशाची वाट बघत होते तेही सांगून टाकलं, कुलपासकट. कुणा तिऱ्हाइताला उचलून दिलंत, ज्याचं नाव-गावही माहीत नाही. आवाज चढला होता, हॉलमध्ये ऐकू जात असणार, जाऊ दे म्हटलं. शेवटी टोमणा मारायचा म्हणून विचारलं, "तुम्ही जन्मात एखादी तरी पहिली वस्तू स्वतःसाठी ठेवली आहे का?"

अम्मांनी हातातला कांदा पुरा सोलला, भांड्यात टाकला.

"ठेवली की. एक."

"कुठली?"

त्यांनी हनुवटीने हॉलकडे दाखवलं. "तो."

मला आधी कळलंच नाही. मग त्या हळू आवाजात सांगत गेल्या, कांदे सोलता सोलता. तिरुवैयारूला त्यांच्या थोरल्या जाऊबाई होत्या, भवानीअक्का. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय, माझ्या लग्नाआधी तीन वर्षं त्या गेल्या. त्यांना मूल नव्हतं. अम्मांना दिवस गेले तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, पहिलं मूल थोरलीला देशील का? अम्मा तेव्हा बावीस वर्षांच्या. हो म्हणाल्या. अक्कांनी पाळणा आणून ठेवला, दुपटी शिवली. सातव्या महिन्यापासून रोज अम्मांच्या पायांना तेल लावायला येत. आणि मुलगा झाला तेव्हा अम्मांनी दिला नाही. नाही असंही म्हणाल्या नाहीत, नुसता दिला नाही.

"ती बघायला आली," अम्मा म्हणाल्या. "हातीं घेतलें त्याला. पुष्कळ वेळ घेऊनश्यान बसली. मग माझ्या मांडीवर परत ठेवलें आणि म्हणाली, दूध पाज, भूक लागलीय त्याला. पुढें कधीं मागितलें नाहीं. मागितलें असतें तर बरें होतें गं, भांडतां तरी आलें असतें."

तेव्हापासून घरातलं पहिलं म्हणून जे जे आलं ते अक्कांकडे जाऊ लागलं. केळीचा पहिला घड, पहिलं तूप, प्रवीणकुमारच्या नोकरीचा पहिला पगार. अक्का निमूट घेत. त्या गेल्या आणि अम्मांना द्यायला माणूसच उरलं नाही. पण हाताला सवय लागलेली. म्हणून मग इस्त्रीवाली, चिदंबर मास्तर, जो समोर येईल तो.

"आणि हा कोण? हा रॉकेटवाला?" माझा आवाज अजून उतरला नव्हता.

"ठाऊक नाहीं. सगळ्यांच्या घुमटांत दोन-दोन तीन-तीन बाहुल्या होत्या. त्याच्यांत एकच." त्यांनी डोळे पुसले. कांद्यामुळे असेल, नसेल. "मला कळलें नाहीं गं, तुला तें इतकें पाहिजे होतें. त्याला कांहीं सांगूं नको हं. त्याला ठाऊक नाहीं."

 भांडायला आले होते आणि भांडण माझ्या हातातून काढून घेतलं होतं, तेही इतक्या सभ्यपणे की तक्रार करायची सोय नाही. फळ गेलं, दुसरा घुमट गेला, आता हक्काचा राग होता तोही गेला. पुन्हा चाळीस दिवस. आणि एवढं ऐकल्यावर सोळाव्या वाफ्याला हात लावू नका, हे या बाईला मी कुठल्या तोंडाने सांगणार होते?

तेवढ्यात प्रवीणकुमार दारात आला. कमरेची वेष्टी लुंगीसारखी गुडघ्यावर दुमडलेली, हातात मोबाइल, एका कानात अजून इअरफोन. आठ वर्षं मी चरफडत होते की या घरातलं पहिलं काहीही माझ्या वाट्याला येत नाही. आणि या घराने जी एकच पहिली वस्तू मन दगडाचं करून राखून ठेवली होती, ती माझ्या वाट्याला आली होती. ती समोर उभी राहून पोट खाजवत होती.

अम्मा त्याच्याकडे अशा बघत होत्या, जणू आजही कुणीतरी मागायला येईल.

"काय चाललंय दोघींचं?" तो म्हणाला. "अजून कॉफी नाही का झाली?"