घड्याळवाल्याचं खातं

आमच्या कंपनीने एक डिजिटल नाणं काढलं होतं आणि त्याच्यासाठी गप्पांचं एक ॲप. तिथे लिहायचं, इतरांना उत्तरं द्यायची, नाणी मिळवायची. लोकांना बोलतं ठेवणं हे माझं काम. रोज कोडी, स्पर्धा, वाढदिवस. पण नाण्याचा भाव कोसळला आणि माणसं गळायला लागली.

साहेब म्हणाले, "ग्रुप जिवंत दिसला पाहिजे. कसा, ते तू बघ."

मी बघितलं. गप्प झालेल्यांची खाती एका प्रोग्रामला जोडली. जुनं लिखाण वाचून तो त्यांच्यासारखंच लिहायचा. आठवड्यात ॲप पुन्हा गजबजलं. ही माणसं गप्प का झाली, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.

मग एका दुपारी ऑफिसात फोन आला.

"मी घड्याळवाल्याची बायको बोलतेय."

'घड्याळवाला' आमचा जुना सभासद. घड्याळं दुरुस्त करायचा आणि सकाळी सगळ्यांत आधी हजर असायचा.

"ते जाऊन पाच महिने झाले," बाई म्हणाल्या. "आणि काल त्यांनी तिथे लिहिलं, आज हात थरथरतोय, बारीक काम जमत नाही. मी विचारलं, कुठे आहात? तर उत्तर आलं, इथेच आहे, तुम्ही कशा आहात? चाळीस वर्षांत मला कधी अहोजाहो केलं नाही हो त्यांनी."

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. पत्ता घेऊन मी त्यांच्याकडे गेले.

दुकान बंदच होतं, मागच्या खोलीत त्या एकट्याच राहायच्या. मी सगळं खरं सांगून टाकलं, माफी मागितली, आणि आजच ते खातं बंद करते म्हणाले. वाटलं, त्या हाकलून देतील.

"बंद नका करू," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "त्याला फक्त मला 'अगं' म्हणायला शिकवा."

मी हो म्हणाले. तेवढंच जमलं मला. शिकवायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

त्यानंतर काकू, मी त्यांना आता काकूच म्हणायचे, दिवसभर त्याला लिहू लागल्या. गुडघे दुखतात, नळ गळतोय, भाची आली होती. तो प्रत्येक वेळी उत्तर द्यायचा. महिनाअखेरीला साहेबांनी मीटिंगमध्ये काकूंचंच खातं पडद्यावर दाखवलं. "सभासद असा हवा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उचलले गेले नाहीत.

जागेवर येऊन मी चारशे बारा खाती एकेक करून बंद केली. घड्याळवाल्याचं सगळ्यांत शेवटी. संध्याकाळपर्यंत नोकरी गेली. काकूंना फोन केला, त्यांनी उचलला नाही. दारावर गेले, आत पावलं वाजली, कडी निघाली नाही.

ॲप अजून चालू आहे, पण तिथे कुणी फिरकत नाही. फक्त काकू लिहितात. आज त्याला लिहिलंय, "रागावलात का?"

दोनदा उत्तर लिहायला घेतलं. पण कुणाच्या नावाने लिहायचं, तेच कळत नाही.