लाइन कोण खातंय?

मी एका लिनक्स कॉम्प्युटरमधला पहारेकरी प्रोग्राम बोलतोय. एका छापखान्याच्या ऑफिसातलं सगळं इंटरनेट माझ्या डोळ्यांखालून जातं. कुठला कॉम्प्युटर किती ओढतोय, हे मी ओळींनी दाखवतो. सर्वांत खादाड सगळ्यांत वर. आत काय चाललंय ते माझ्या ओळींत दिसत नाही, फक्त त्याचं वजन कळतं.

मला इथे बसवलं ते नेटवर्क सांभाळणाऱ्याने. त्याची विधवा वहिनी पलीकडच्याच टेबलावर पानं जुळवायची. तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात घरच्या कॅमेऱ्याचं चित्र असायचं. सासू अंथरुणाला खिळलेली, दिवसभर घरी एकटी. जरा काही हललं की वहिनी शेजारणीला फोन करायची, "जरा बघता का हो आत जाऊन?"

एके दिवशी गिऱ्हाइकाचं काम पाठवताना अडकलं. मालक कडाडले, "लाइन कोण खातंय?"

मी खरं तेच दाखवलं. वरच्या ओळीत नेटवर्कवालाच होता. सिनेमे उतरवत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप सिनेमा थांबवला. त्याची ओळ गेली, वहिनीची वर सरकली. मग त्याने हाक मारली, "साहेब, हे बघा."

मालकांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "कामाच्या वेळी सिनेमा?"

"सिनेमा नाही हो, सासूबाई आहेत! भाऊजी, सांगा ना."

भाऊजीने मान वर केली नाही. "नियम सगळ्यांना सारखा, वहिनी," म्हणत त्याने स्वतःच्या आईकडे जाणारी वाट बंद केली.

वहिनीने रजा मागितली. "हातातलं संपवून जा," मालक म्हणाले. तिचा कॉम्प्युटर घरचं चित्र मागत राहिला. मागणी येई आणि दारातच मरे.

संध्याकाळी शेजारणीचा फोन आला. म्हातारी पलंगावरून पडली होती. कधी, ते कोणालाच ठाऊक नाही. अंग गार पडलं होतं.

काही दिवसांनी वहिनी आपलं सामान न्यायला आली. भाऊजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आई तुमच्या भरवशावर होती, वहिनी."

"हो भाऊजी," ती म्हणाली, "माझंच लक्ष कमी पडलं."

मी मागचं काही राखून ठेवत नाही. गेलेली ओळ माझ्याकडे परत येत नाही, नाहीतर तिथल्या तिथे दाखवली असती.

"लाइन आता कशी सुसाट पळते!" मालक खुशीत म्हणतात. या क्षणी भाऊजी नवा सिनेमा उतरवतोय. मी त्याला सगळ्यांत वर ठेवलंय. कोणीतरी या हो इकडे, एकदा माझ्याकडे बघा.